नववीच्या वर्गात मांजरावर खटला

माझी पहिली नोकरी झाशीतल्या नगरा भागात, रेल्वे कॉलनीला लागून असलेल्या शाळेत. नववीला हिंदी शिकवायचं. मराठी बाई हिंदी काय शिकवणार, असं आमच्या मुख्याध्यापकांना वाटायचं. त्यांना सगळे 'बड़े सर' म्हणत. आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या झाशीतलंच, उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी, असं मी त्यांना समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "फिर भी." या दोन शब्दांपुढे कुणाचं काही चालत नसे.

त्या वर्षी नववीला एक कादंबरी लागली होती. डोंगरातल्या एका गावात बाहेरून आलेला एक शिंपी राहतो. विहीर आटली, शिंप्यामुळे. म्हैस मेली, शिंप्यामुळे. पूर्वग्रह म्हणजे काय ते मुलांना कळावं म्हणून ती लावलेली. मुलं वाचताना इतकी चिडायची की बाकं हादरायची. "बहनजी, ये गाँववाले कितने बुरे थे!"

"आणि तुमच्या मनात नाही का असं कुणाबद्दल काही?" मी विचारलं.

"नहीं बहनजी!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. साधुसंतांचा मेळा भरल्यासारखं वाटलं मला. आता यांना पुढे शिकवू तरी काय?

त्याच आठवड्यात आमची शाळा हॉकीचा सामना हरली. झाशीत हॉकी हरणं म्हणजे घरात सुतक. दुसऱ्या दिवशी संघाचा गोलकीपर, जो माझ्याच वर्गात होता, लालबुंद चेहऱ्याने उभा राहिला. म्हणाला, सामन्याला निघताना फाटकापाशी शाळेतलं काळं मांजर आडवं गेलं, म्हणूनच आम्ही हरलो. त्या मांजराला पोत्यात घालून मालगाडीत बसवून द्यायचं असं संघाने ठरवलं होतं. गाडीसुद्धा ठरली होती. सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. परवाच ज्यांना शिंप्यासाठी रडू आलं होतं, त्यांनीही.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पण आधी मुकदमा होईल."

घरी आत्याला सांगितलं तर तिची पोळी तव्यावरच राहिली. "मांजरावर खटला? अगं, तुला पगार कशाचा देतात ते?"

मुलं मात्र पेटली. फिर्यादीचा वकील अर्थातच गोलकीपर. बचावाला एक सुकडा, चुरुचुरु बोलणारा मुलगा उभा राहिला. तो मानिक चौकातल्या मराठी घरातला. मी मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायचा. न्यायाधीश झाली एका टीटीची, म्हणजे रेल्वेच्या तिकीट तपासनिसाची, मुलगी, कारण तिच्या घरी काळा कोट होता. वडिलांची संध्याकाळी गाडीवर ड्यूटी, त्याआधी कोट परत पाहिजे, एवढ्या अटीवर तिने तो आणला. तो तिच्या गुडघ्यांखाली जात होता आणि छातीवरच्या बिल्ल्यामुळे ती न्याय देणार की तिकीट मागणार ते कळत नव्हतं.

आरोपीला झाकणाच्या टोपलीत घालून मेजावर ठेवलं. दिवस कडक उन्हाळ्याचे. खिडकीला वाळ्याचा पडदा आणि तो भिजवायला खाली पाण्याने भरलेली बादली.

गोलकीपरने छाती फुगवून सुरुवात केली. "माय लॉर्ड, ये काली है, रास्ता काटती है, और हम तीन गोल से हारे. इससे ज़्यादा सबूत क्या चाहिए?" टाळ्या पडल्या.

बचावाचा वकील उठला. "गोल बिल्ली ने मारे?"

"नहीं."

"फिर किसने?"

"उनके सेंटर फ़ॉरवर्ड ने."

"वो किस रंग का था?"

गोलकीपर अडखळला. "गोरा."

"तो माय लॉर्ड, आगे से गोरे लड़के रास्ता काटें तो सब घर लौट जाएँ!"

वर्गात असा हशा उसळला की बड़े सर धावत आले. दारात उभे राहून त्यांनी टोपलीकडे, कोटाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार इतक्यात न्यायाधीशबाईंनी फर्मावलं, "गवाह अंदर आए!" आणि काय आश्चर्य, बड़े सर मुकाट्याने आत येऊन साक्षीदाराच्या स्टुलावर बसले. काळ्या कोटाचा धाक असेल.

बचावाच्या वकिलाने त्यांनाही सोडलं नाही. "सर, आज सुबह ये बिल्ली आपके सामने से गई?"

"गई."

"आपने क्या किया?"

बड़े सरांनी टोपीशी चाळा केला. "हम... ज़रा पीछे हट गए."

"क्यों?"

"एहतियातन." म्हणजे, खबरदारी म्हणून.

"यानी आप मानते हैं कि बिल्ली मनहूस है?"

"बिल्कुल नहीं! ये सब अंधविश्वास है." मग टोपी सारखी करून ते म्हणाले, "फिर भी."

आता आरोपी प्रत्यक्ष दाखवावा असा हुकूम झाला. टोपलीचं झाकण उघडलं आणि आरोपी थेट न्यायाधीशाच्या खांद्यावर, तिथून बड़े सरांच्या मांडीवर आणि तिथून धपकन बादलीत. एकच किंकाळी उठली. ती मांजराची नव्हती.

गोलकीपरनेच त्याला बाहेर काढलं. मांजराने अंग झाडलं, बड़े सरांच्या पांढऱ्याशुभ्र कुडत्यावर काळे शिंतोडे उडाले आणि न्यायाधीशाचा कोट भिजला. बादलीतलं पाणी शाईसारखं झालं होतं. आणि मांजर? ते पिवळं होतं! हळदीसारखं पिवळं, अंगावर फिकट पट्टे. रोज ते लोकोशेडच्या कोळशाच्या ढिगात झोपायला जायचं, आणि आम्ही सगळे त्याला जन्माचं काळं समजत होतो.

"चार सौ बीसी!" गोलकीपर ओरडला. "इसने भेस बदला था!"

बचावाचा वकील तर नाचायलाच लागला. "माय लॉर्ड, काली बिल्ली है ही नहीं! मुकदमा ख़ारिज! हम जीत गए!"

सगळा वर्ग बाकं बडवू लागला. मीही हसत होते. न्यायाधीश मुलगी तेवढी हसत नव्हती. कोटाच्या लांब बाह्या मागे सारत ती बचावाच्या वकिलाला म्हणाली, "और अगर सचमुच काली होती, तो?"

तो नाचायचा थांबला. डोकं खाजवलं. मग अगदी खरं ते बोलला, "तब तो मुश्किल थी, माय लॉर्ड."

बाकं बडवणं बंद झालं. मी शिंप्यावर आठवडाभर शिकवून जे साधलं नव्हतं ते त्या बादलीने आणि त्या प्रश्नाने साधलं.

निकाल लागला. आरोपी निर्दोष, काळा असो वा पिवळा. गोलकीपरने त्याला आठवडाभर आपल्या डब्यातलं काहीतरी द्यायचं. बचावाच्या वकिलाने कादंबरी पहिल्यापासून वाचायची, कारण केस जिंकूनही त्याला काही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात कादंबरी उघडली. गावकरी शिंप्याच्या दारात जमतात, तो भाग होता. या वेळी कुणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. गोलकीपर हळूच म्हणाला, "बहनजी, बेचारे डरे हुए थे." मग घाईघाईने, "पर ग़लत थे. हओ, ग़लत ही थे." 'हओ' हे त्याचं बुंदेली 'हो'.

टीटी साहेबांना खटल्याच्या संध्याकाळी ओला, मांजराच्या केसांनी भरलेला कोट घालून गाडीवर जावं लागलं. ते जाब विचारायला शाळेत आले, सगळी हकिकत ऐकली आणि "पर फ़ैसला किसके हक़ में हुआ?" एवढंच विचारून गेले.

मांजर चार दिवसांत पुन्हा काळंकुट्ट झालं. पुढच्या सामन्याला निघताना ते बरोबर आडवं गेलं. सगळा संघ गोलकीपरकडे पाहत राहिला. तो ताठ मानेने पुढे चालू लागला, आणि आम्ही तो सामनाही हरलो. परतल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "मेरी ग़लती थी बहनजी, गेंद टाँगों के बीच से निकल गई." त्याच्या डब्यातली अर्धी पुरी खाऊन मांजर त्याच्या पायाशी झोपलं होतं.