सदफनं आवाज वाढवला नाही

जळगावच्या एका लहान सामुदायिक रेडिओ केंद्रात सदफ ध्वनीचं काम बघायची. पोरगी हट्टी आहे, हे तिच्या घरात सगळ्यांनाच मान्य होतं.

एकदा कोकिळाअक्कांचा फोन आला. धरणगावकडच्या या अक्का दुपारचा बायकांचा कार्यक्रम चुकवत नसत. "पोरी, जाहिरात लागनी का कान फुटतस. आवाज कमी करा तर बाईसनं बोलणं ऐकू येत नही. मंग मी रेडिओच बंद करी टाकस."

सदफला ते लागलं. तिनं जाहिरात आणि बायकांचा कार्यक्रम, दोन्हींची रेकॉर्डिंग लावून पाहिली. मीटरचा काटा दोन्हींत सारखाच वर जात होता, आणि आजवर ती त्यावरच विसंबली होती. पण जाहिरातीतला आवाज इतका ठासून भरलेला, की तो खाली उतरतच नव्हता. बायकांचं बोलणं हसण्यापाशी उसळायचं, मग हळू व्हायचं. तिनं ठरवलं, यापुढं काट्याची उडी नाही मोजायची. कानाला एकूण किती मोठं लागतं ते मोजायचं आणि सगळं एकाच पातळीला आणायचं. तसं मोजणारं लाउडनेस मीटर संगणकात होतंच.

आठवड्याच्या आत साड्यांचे व्यापारी अभयकुमार केंद्रात येऊन थडकले. सगळ्यात जास्त जाहिराती त्यांच्याच.

"माझ्या जाहिरातीचा जीवच काढलात की!"

केंद्रप्रमुख लीलाधर गडबडले. "सदफ, भाऊंचा जरा वाढवून दे ना."

"नाही सर. आज यांचा वाढवला की उद्या दुसरे येतील. मग ऐकायला कुणी उरणार नाही." ती अभयकुमारांकडे वळली. "भाऊ, तुमची जाहिरात नुसती ओरडत होती. मी दुकानात येऊन नवी करून देते. नाही पटली तर बंद करा."

दुसऱ्या दिवशी ती परवानगी घेऊन रेकॉर्डर लावून दुकानात बसली. अभयकुमारांच्या आई सायरबाई एका नवरीला शालू दाखवत होत्या. "हा घे बेटा. सासूला नाही आवडणार, पण तुला शोभेल!" नवरी खुदकन हसली. सदफनं दोघींना विचारून तेवढंच घेतलं, पुढं दुकानाचं नाव जोडलं आणि आवाज ठरलेल्या पातळीला आणून लावला.

चार दिवसांत बायका दुकानात येऊन 'सासूला न आवडणारा शालू' मागू लागल्या. अभयकुमारांनी जुनी जाहिरात स्वतःहून काढायला लावली. पुढच्याच आठवड्यात एका फर्निचरवाल्याचा फोन आला. त्यालाही आवाज वाढवून हवा होता.

"नाही वाढणार," सदफ म्हणाली. "दुकान किती वाजता उघडता? मी येते."