खाली सोडलेलं पाणी

माझी त्या धरणावर बदली झाली तेव्हा माहेरच्या गावाने माझा सत्कार केला. मारुतीच्या पारासमोर मांडव घातला होता. शाल, नारळ, फुलांचा हार, सगळं रीतसर. सरपंच म्हणाले, "आपल्या गावची लेक आता धरणाची मालकीण झाली. आता आपल्याला पाण्याची काळजी नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा थोरला भाऊ पुढच्या रांगेत बसला होता, त्याने सगळ्यांत जोरात वाजवल्या. मी भाषणात सांगितलं की मालकीबिलकी काही नसते, मी तिथे वाटप करायला बसलेली सरकारी नोकर आहे. त्यावरही टाळ्या पडल्या. ऐकलं कोणीच नव्हतं.

धरण नाशिकच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. त्यातून शहराला प्यायचं पाणी जातं. औद्योगिक वसाहतीला जातं. कालव्यातून द्राक्षबागांना, उसाला, कांद्याला जातं. पर्वणी असली की भाविकांच्या स्नानासाठी नदीत सोडावं लागतं. आणि पाऊस कमी झाला की खाली, मराठवाड्यातल्या मोठ्या धरणासाठी सोडावं लागतं. या सगळ्यांचे हक्क खरे आहेत, कागदावर मंजूर आहेत, आणि त्यांची बेरीज केली तर ती धरणात मावत नाही. चांगला पाऊस झाला की ही गोष्ट कोणाला आठवत नाही. दरवर्षी पावसाळा संपला की वाटपाची बैठक व्हायची. शहराचे लोक फक्त 'पिण्याचं पाणी' एवढे दोन शब्द उच्चारायचे आणि बैठक गप्प व्हायची. त्या पिण्याच्या पाण्याने सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी गाड्या धुतल्या जात. ते मी माझ्याच खिडकीतून बघत असे, कारण मीही त्याच शहरात राहत होते.

भावाची बाग कालव्यावर होती. तो गावच्या पाणीवापर संस्थेचा अध्यक्ष. पाण्याची पाळी ठरवणं, शेताकडे जाणारा पाट म्हणजे चारी साफ करून घेणं, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतं की नाही हे बघणं, हे काम तो मनापासून करायचा. काही लोक कालव्यात लपून पाइप टाकून पाणी ओढायचे, आमच्याकडे त्या पाइपांना डोंगळे म्हणतात. भावाने स्वतःच्या चुलतभावाचा डोंगळा उपटून आमच्या कार्यालयात आणून टाकला होता. असा माणूस होता तो. म्हणून पुढचं जास्त लागलं.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली. आमचं धरण कसंबसं भरलं, खालचं मोठं धरण अर्ध्यावरही गेलं नाही. नियम असा आहे की अशा वेळी वरच्या धरणांनी खाली पाणी सोडायचं. दिवाळीच्या तोंडावर आदेश आला. द्राक्षांच्या छाटण्या नुकत्याच उरकल्या होत्या, डोळे फुटू लागले होते. बागेला पाण्याची सगळ्यांत जास्त गरज असते ती तेव्हा.

आदेशाची बातमी माझ्या टेबलावर यायच्या आधी गावात पोचली होती. भावाचा फोन आला.

"खरं हाय का?"

"आदेश आलाय."

"तू दोन दिवस थांबव. आम्ही कोर्टात गेलोय, स्टे मिळतोय."

"माझ्या हातात थांबवणं नाही, दादा."

"दरवाजा नादुरुस्त हाय म्हण. मोटर जळाली म्हण. सरकारी दरवाजे काय बिघडत नाही का?"

"दरवाजा चांगला आहे."

तो मग म्हणाला, "ठीक हाय. मग आम्हाला येऊन बसावं लागंल." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धरणावर पोचले तेव्हा पाच-सहा गावांची माणसं भिंतीवर बसलेली होती. बाया होत्या, म्हातारी माणसं होती. भाऊ नियंत्रण कक्षाच्या दाराला पाठ लावून बसला होता. पोलिसांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. मी जीपमधून उतरले आणि चालत त्याच्यापर्यंत गेले. सगळे बघत होते.

"दादा, उठ. मला आत जायचंय."

"पाणी कोणाचं हाय ते सांग, उठतो."

"खाली लोकांच्या प्यायच्या पाण्याचा प्रश्न आहे."

"खाली प्यायलाच जातंय ना? मग तिकडं ऊस कोणाच्या पाण्यावर उभा राहतो? तुला माहीत नाय? तूच सांगायचीस मला."

खरंच मीच सांगायचे. जेवताना, अंगणात बसून, कितीतरी वेळा. त्याने ते सगळं भिंतीवर, माईकशिवाय पण मोठ्याने, माझ्यासमोर मांडलं. माझ्याकडे फक्त आदेश होता. मी तो वाचून दाखवला. पोलीस अधिकारी म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाजूला व्हा."

धरणाच्या जलाशयाच्या कडेला एक पाडा आहे. धरणात शेतं गेली तेव्हा तिथली माणसं वर टेकडीवर सरकली. त्यातली एक बाई डोक्यावर हंडा घेऊन या गर्दीजवळून जात होती. ती थांबली, भावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमी भांडता ते पाणी आमचे शेतावर उभं हाय." ती निघून गेली. तिच्या पाड्याला उन्हाळ्यात टँकर लागतो, धरण समोर दिसत असताना. तिला कोणत्याही बैठकीला कधी बोलावलेलं मी पाहिलं नाही.

पोलिसांनी भावाला दोन्ही बगलांत धरून उचललं. त्याने हातपाय झाडले नाहीत. नुसता सैल पडून राहिला. त्याची टोपी खाली पडली, ती कोणीतरी उचलून गाडीत त्याच्या मांडीवर ठेवली. गाडीच्या जाळीतून तो माझ्याकडे बघत होता. मी आत गेले. भोंगा वाजवायला सांगितला, आणि दरवाजा उचलायला सांगितला. पाणी निघालं.

त्यानंतर मला पथक देऊन नदीकाठाने खाली पाठवलं. वाटेत कोणी पाणी उचलू नये म्हणून नदीकाठच्या गावांची वीज तोडली होती. बंधाऱ्यांच्या फळ्या काढायला लावल्या होत्या. आम्ही काठाकाठाने फिरत नदीत टाकलेल्या मोटरी बाहेर काढत होतो. लोक ट्रॅक्टरवर जनरेटर आणून मोटरी चालवत होते. एका ठिकाणी एक म्हातारा मोटरीवर आडवा पडला. "बाई, जनावरं तरी पिऊ द्या," तो म्हणत होता. त्याच्या मागे उसाचा फड उभा होता, तोही मला दिसत होता. मी मोटर काढायला लावली. जनावरंही तहानलेली होती आणि ऊसही खोटा नव्हता. त्या आठवड्यात मला एकही माणूस असा भेटला नाही, जो पूर्ण खोटं बोलत होता.

खालच्या धरणावर माझा इंजिनिअरिंग कॉलेजचा वर्गमित्र अधिकारी होता. पाणी पोचलं त्या दिवशी त्याचा फोन आला.

"निघालं तेवढं पोचलं नाही."

"वाळू कोरडी होती. किती जिरलं असेल, विचार कर."

"जिरलं की उचललं? तुमच्या लोकांनी चोरलं असं इथं सगळे म्हणतायत."

"आमचे लोक म्हणतायत मी विकलं."

तो हसला. मला हसू आलं नाही. कॉलेजात आम्ही दोघे एका बाकावर बसून जलाशयाच्या नियोजनाचा पेपर लिहिला होता. त्यात दोन तहानलेल्या गावांमधली वाळू किती पाणी पिते असा प्रश्न नव्हता.

भाऊ जामिनावर सुटला. दिवाळी आली. मी वडिलांना फोन केला की उद्या येते. वडील भावाकडेच राहत. त्यांनी माझी चौकशी केली, माझ्या मुलीची चौकशी केली, मग म्हणाले, "तू तुझं काम केलं. चुकलं असं मी म्हणणार नाही. पण इतक्यात येऊ नकोस."

"किती दिवस?"

"मी सांगीन."

त्यांनी सांगितलं नाही. त्या वर्षी कालव्याचं शेवटचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची फेरी, आखूड पडलं. गावच्या निम्म्या शेतांपर्यंत चारी ओली झाली नाही. भावाने पाळी ठरवताना स्वतःची बाग सगळ्यांत शेवटी ठेवली होती, बहिणीने पाणी घालवलं आणि अध्यक्षाने स्वतःचं भागवून घेतलं असं कोणी म्हणू नये म्हणून. लोक तरीही म्हणालेच. त्याच्या बागेचा माल बारीक राहिला, उन्हाने चट्टे पडले, आणि शेवटी त्याने तो स्वस्तात मनुक्याला दिला. हे मला गावातल्या एका मैत्रिणीने सांगितलं. त्याने स्वतः काही सांगितलं नाही.

मग पावसाळा आला, आणि तो असा आला की ऑगस्टमध्येच धरण काठोकाठ भरलं. आता भिंत वाचवायला पाणी सोडायचं होतं. ज्या दरवाजासाठी मी भावाला उचललेलं बघितलं, तो आणि त्याच्या शेजारचे सगळे दरवाजे मी एकामागून एक उघडायला लावले. आदल्या वर्षी आम्ही जेवढ्या पाण्यासाठी वीज तोडली, गुन्हे दाखल केले, तेवढं पाणी एका दुपारीत निघून गेलं आणि कोणी विचारलंही नाही. शहरात लोक पुलांवर उभे राहून, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं याचे फोटो काढत होते. भावाची नदीकाठची दोन एकरं त्या पाण्याखाली गेली. मोटरीची खोली पायासकट वाहून गेली. माझ्या वर्गमित्राने खालून निरोप पाठवला, 'आता पुरे करा.'

भावावरचा खटला चालू होता. सरकारी कामात अडथळा आणल्याची फिर्याद माझ्या सहीची होती, त्यामुळे साक्षीला मलाच बोलावलं. फिर्यादीत जमावाने दगडफेक केल्याचं वाक्य होतं. ते मी सांगितलेलं नव्हतं. ठाण्यात ते टाइप होऊन आलं, तेव्हाच मी खोडायला सांगितलं होतं, पण ते तसंच राहिलं आणि खाली माझी सही झाली होती. सरकारी वकिलांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"फिर्यादीप्रमाणे बोला. बाकी मी बघतो."

मी पिंजऱ्यात उभी राहिले. भाऊ बाकावर बसला होता, बाकीच्यांबरोबर. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. बचावाच्या वकिलाने विचारलं, "आरोपी क्रमांक एक तुमचे कोण?"

"सख्खे भाऊ."

"त्यांनी दगड मारला?"

"नाही. कोणीच मारला नाही."

"मग त्यांनी केलं काय?"

"दारासमोर बसले. उठायला सांगितलं, उठले नाहीत. पोलिसांनी उचलेपर्यंत त्यांच्यामुळे मला आत जाता आलं नाही."

सरकारी वकिलांनी कागद आपटले. बाहेर आल्यावर मला वाटलं, निदान भाऊ तरी एकदा बघेल. तो जवळून गेला आणि बरोबरच्या माणसाला म्हणाला, "शेवटी अडथळा आणला म्हणालीच की." खात्याने मला कारणे दाखवा नोटीस काढली, फिर्यादीविरुद्ध साक्ष दिली म्हणून. एका साक्षीत मी माहेर आणि खातं, दोन्ही घरं घालवली.

निवडणूक जवळ आली तसे आंदोलनातले गुन्हे मागे घ्यायचं ठरलं. त्यात हा खटलाही मिटला. म्हणजे साक्ष दिली काय, न दिली काय, सारखंच होतं. माझी बदली शहरातल्या कार्यालयात झाली. आता मी कोणत्या वापराला किती पाणी राखून ठेवायचं याचे प्रस्ताव तपासते. शहराची मागणी दरवर्षी वाढते. त्यावर माझ्या सहीचा शेरा असतो, आणि तो वर जातो.

मागच्या हिवाळ्यात वडिलांचं नाशिकला ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या बाकावर एका टोकाला मी बसले होते, दुसऱ्या टोकाला भाऊ. मध्ये वडिलांची पिशवी. तो खूप थकलेला दिसत होता. वहिनीने सांगितलं होतं की त्याने संस्थेचं अध्यक्षपद सोडलं, आणि बागेच्या एका कोपऱ्यात प्लास्टिक अंथरून मोठं शेततळं केलं. कालवा सुटला की तो आधी ते भरून घेतो. सगळेच घेतात. शेवटच्या शेतापर्यंत पाणी जातं का, हे आता तिथे कोणी बघत नाही.

डॉक्टर बाहेर येऊन सगळं नीट झाल्याचं सांगून गेले. आम्ही दोघंही उभे राहिलो होतो, परत बसलो. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, वडिलांबद्दल तरी. त्याने समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, "यंदा खाली सोडणार का, मॅडम?"

"आदेश आला तर सोडतील."

त्याने मान हलवली. मग उठला, आणि चहा प्यायला एकटाच खाली गेला.