लाल दोऱ्याची बाटली

मखमलाबादच्या शिवारात सगुणाबाईंना सगळे सायकलवाली फुलबाई म्हणून ओळखतात. चोवीस वर्षं त्या रोज सकाळी झेंडू, गुलाब आणि तुळशीच्या पुड्या गंगापूर रोडच्या घरांतून टाकत आल्या आहेत. नवरा गेणू पाठीच्या दुखण्याने वर्षभर अंथरुणाला खिळला, तेव्हा चौतिसाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या. गुडघे फोडून घेतले. "आता घोडा कधी घेणार?" असं शेजारणींनी विचारलं, तेही ऐकून घेतलं. त्या बाईला कशाची भीती वाटलेली कुणी पाहिली नव्हती, मे महिन्यातल्या त्या रविवारपर्यंत.

त्यांच्या घरात प्लास्टिकची बाटली कधी टाकली जात नसे. कोल्ड्रिंकची असो की विकतच्या पाण्याची, धुवायची आणि कुंपणाच्या काठीवर उलटी अडकवायची. फुलांवर पाणी शिंपडायला तीच, सायकलला लटकवायला तीच. गेणूलाही एक लागे. ओढ्यापलीकडच्या गुलाबावर फवारायला औषधाचा अख्खा डबा कोण नेणार? तो मापाचं औषध बाटलीत ओतून नेई. ती ओळखू यावी म्हणून तिच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला असे, आणि तिची जागा पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, खिळ्याला. पंधरा वर्षांत हा नियम चुकला नव्हता.

त्या रविवारी नात तेजस्विनी कॉलेजच्या सायकल ग्रुपबरोबर त्र्यंबकला निघाली होती. सगुणाबाईंनी कुंपणावरच्या तीन बाटल्यांतल्या दोन काढल्या, माठातल्या पाण्याने भरल्या आणि तिच्या सायकलला लावून दिल्या.

"सातला आम्ही सगळे महिरावणीला नाश्त्याला थांबणार, आजी. फोन पिशवीत असेल, सारखी करत बसू नकोस," असं सांगून पोरगी साडेपाचला गेली.

मग त्या हार ओवायला सुई शोधू लागल्या. कुंपणाखाली काहीतरी लाल पडलं होतं. वाकून उचललं. दोरा होता. गाठ तशीच घट्ट, मधे बाटलीच्या गळ्याएवढं भोक.

त्या तिथेच खाली बसल्या. तिसरी बाटली काढून हुंगली. कसलाच वास नव्हता. म्हणजे त्या दोन्हींतली एक. गेणू आदल्या दिवशीच भाच्याच्या लग्नाला देवळ्याला गेला होता. त्यांनी फोन लावला.

"अहो, औषधाची बाटली कुठं ठेवली?"

"कुंपणाला लावली. गाडी गाठायची घाई होती. दोरा हाय की तिला."

"दोरा माझ्या हातात हाय."

पलीकडून लग्नघरातल्या सनईचा आवाज येत राहिला. मग गेणू हळूच म्हणाला, "मी धुतली होती. दोनदा खळबळली होती."

"दोनदा," सगुणाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तेजस्विनीला त्यांनी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा पूर्ण वाजून बंद झाला. मुलगा अमोल कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला, मोटारसायकल त्याच्याबरोबर. सून सरिता आत कणीक मळत होती. तिला सांगायला त्या दारापर्यंत गेल्या. सरिताने पाठमोरीच विचारलं, "आई, तेजूने टोपी घेतली ना?" सगुणाबाईंच्या तोंडून निघालं, "घेतली. मी फुलं टाकून येते." फुलांची टोपली ओट्यावरच राहिली.

सहाला दहा मिनिटं कमी होती. सातच्या आत महिरावणी गाठायची होती.

चांदशीच्या पुलापर्यंत त्यांनी मान वर केली नाही. पुढे मात्र रस्त्याच्या कडेला तेजूच्या शर्टासारखं पांढरं काही दिसलं की पॅडलवरचे पाय थांबत. सिमेंटची रिकामी गोणी, कुणीतरी टाकलेली गादी, एक झोपलेलं कुत्रं. प्रत्येक वेळी वाटे, पोरगी पडली आहे. त्र्यंबक रोडला लागेपर्यंत ऊन आलं आणि तहान लागली. तिसरी बाटली नातीला चांगलं पाणी द्यायला म्हणून भरून घेतली होती, ती हँडलला लटकून गुडघ्याला लागत होती. त्या पाण्याकडे बघवत नव्हतं. आपल्याच हाताने भरून दिलं, याशिवाय दुसरा विचार डोक्यात नव्हता. दुसऱ्या कुणी दिलं असतं तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

महिरावणीच्या टपरीसमोर बारा-पंधरा सायकली उभ्या होत्या. पोरं मिसळ खात होती. तेजस्विनी त्यांत नव्हती. ग्रुपचा म्होरक्या लखन उठून पुढे आला.

"आजी, तुम्ही? या वयात आम्हाला गाठलंत?"

"तेजू कुठंय?"

"हापशावर. तिला जरा मळमळतंय."

सगुणाबाईंची सायकल हातातून सुटली.

तेजस्विनी हापशाखाली तोंड धूत होती. चेहरा उतरलेला. आजीला बघून आधी हसली, मग तिचा चेहरा बघून थांबली. "काय झालं? घरी कुणाला काही झालं का?"

"पाणी प्यालीस?"

"एका बाटलीचं प्याले. दुसरीला प्लास्टिकचा घाण वास येत होता, उन्हाने येतो तसा. एक घोट गिळला, दुसरा थुंकला. बाकीचं ओतून दिलं."

सगुणाबाईंनी ती बाटली घेतली, झाकण काढलं. तो वास प्लास्टिकचा नव्हता. पंधरा वर्षं नवऱ्याच्या सदऱ्यातून धुतलेला वास होता तो.

लखनने रिक्षा थांबवली. सातपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगुणाबाई नातीचा हात धरून होत्या. तो हात गार होता की आपला, हे त्यांना कळत नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिलं विचारलं, "औषधाचं नाव काय?"

"निळ्या झाकणाचा डबा हाय. पांढरं फेसाळतं."

"आजी, नाव हवं. डब्यावर लिहिलेलं असेल."

देवळ्याला गेणूचा फोन लागेना. मग एकच माणूस उरलं. सगुणाबाईंनी सुनेला फोन लावला आणि सगळं सांगितलं, कुंपणापासून. चपलांचा आवाज आला, मोटारीच्या खोलीचं दार करकरलं. मग तिने नाव वाचलं, एकेक अक्षर, अजिबात न अडखळता. वाचून झाल्यावर म्हणाली, "टोपीचं विचारलं तेव्हाच का नाय सांगितलंत, आई?"

सगुणाबाई ते नाव डॉक्टरांना सांगायला वळल्या.

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. दर तासाला नर्स यायची, डोळ्यांत बॅटरी मारायची, नाडी बघायची. दर तासाला सगुणाबाई भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. सरिता आली, लेकीच्या उशाशी बसली, सासूकडे तिने पाहिलं नाही. दुपारी तेजस्विनीने खिचडी मागितली. साडेपाचला डॉक्टर म्हणाले, "धुतलेल्या बाटलीतलं उरलंसुरलं होतं, म्हणून निभावलं. पुन्हा नशिबावर सोडू नका."

घरी आल्यावर कुंपणावर काठ्याच होत्या. घरातल्या उरलेल्या बाटल्या एकूण एक सरिताने त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला दिल्या. गेणू लग्नाच्या कपड्यांतच ओट्यावर बसला होता. औषधाचा डबा ठेवायला त्याने पत्र्याची पेटी आणि कुलूप आणलं होतं. मापाचं भांडंही आता त्याच पेटीत. "दोरा बांधला की झालं, असं वाटायचं," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई आणि सरिता दोघी भांडी बाजारात गेल्या. स्टीलच्या पाच बाटल्या घेतल्या. दुकानदार हंड्या-पातेल्यांवर घालतो तसं नाव घालायला बसला. "काय घालू?" सरिता म्हणाली, "नाव माणसाचं घाला. आणि खाली 'पाणी' असं घाला." आदल्या सकाळच्या फोननंतर ती सासूसमोर पहिल्यांदा एवढं बोलली.

तेजस्विनीला ती बाटली जड वाटते. सायकलवरचा बाटली अडकवायचा पिंजरा प्लास्टिकच्या बाटलीच्या मापाचा, त्यामुळे स्टील त्यात खडखडतं. लखन म्हणतो, "तेजू आली, दूधवाला आला." तिने रबर लावून आवाज बंद करायचा म्हटलं, तर आजीने नको म्हणून सांगितलं.

दर रविवारी सगुणाबाई माठातलं पाणी भरतात. आधी हुंगतात, मग नातीसमोर स्वतः एक घोट पितात आणि काही होतंय का ते बघत उभ्या राहतात. पहिल्या रविवारी तेजस्विनी हसली होती. आता हसत नाही. एक पाय जमिनीवर टेकून आजीची मान हलेपर्यंत थांबते.

"जा आता."

मग त्या कुंपणाशी उभ्या राहतात. खडखड वळणापर्यंत ऐकू येते, त्यापुढे येत नाही. फुलांची टोपली त्या त्यानंतरही लगेच उचलत नाहीत.