मेंढराची कातर

फौजदारीण कुणाशी सरळ बोलली असेल तर ती देवाशीच, आणि तिथंही मला शंका आहे. तेरला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून माझं शिलाई मशीन उतरत होतं. ही शेजारच्या दारात मशेरी लावत उभी. ओळख ना पाळख, मला म्हणाली, "ती खडखड माझ्या भिताडाला लावू नकु. मला दुपारच्याला झोप लागती." मशीन मी त्याच भिंतीला लावलं. उजेड तिथंच होता. आमचं वैर असं पहिल्या तासातच सुरू झालं.

तिचा नवरा फौजदार वगैरे काही नव्हता. जन्मभर मेंढरं राखून तो गेला होता. मुलगा येडशीला रेल्वेत कामाला होता. सुनेला जुळं झालं म्हणून थोरली नात राणी हिच्यापाशी ठेवलेली. फौजदारीण ही पदवी गल्लीनं दिली होती आणि ती तिनं कमावली होती. नळाला पाणी आलं की कुणाची घागर कुठं लागायची ते ही ठरवणार. कुणाच्या घरी पाहुणे जास्त दिवस राहिले तर तेही हीच विचारणार, पाहुण्यांदेखत. कुणी म्हणालंच, काकू, जरा तोंड सांभाळा, तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "माझं तोंड माझ्या बापानं दिलंय. तुज्या बापाचं काय गेलं?"

माझ्या शिवणावर तर तिचा खास राग. गिऱ्हाईक ब्लाउज घालून बघत असलं की ही हटकून दारात यायची. "ए जळकोटकरीण, हे झंपर हाय का ज्वारीचं पोतं?" माझं सासर जळकोटचं, म्हणून मी जळकोटकरीण. माझं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. एकदा तिच्या शेळीनं एका नवरीच्या ब्लाउजची बाही चघळून टाकली. मी फाटकी बाही घेऊन तिच्या दारात गेले तर मलाच म्हणाली, "शेळीला चव हाय. गिऱ्हाइकाला न्हाय." त्या दिवशी मी तिला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "बोल की अजून. दम लागला व्हय?"

आता मूळ गोष्ट सांगते, म्हणजे माझ्या चिडीचं कारण कळेल. मला लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं. सासूबाईंनी अणदूरच्या खंडोबाला नवस केला होता की नातू झाला तर तिसऱ्या वर्षी त्याचं जावळ देवाच्या दारात काढू, तोवर केसाला कात्री लावणार नाही. आदू झाला. त्याचे केस वाढले, पाठीपर्यंत आले. मी त्याच्या दोन वेण्या घालायची. सासूबाई जळकोटला शेतात राहायच्या, पण सगळं लक्ष इकडं. मशीन त्यांना पहिल्यापासून खुपत होतं. त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, "मशिनीपायी लेकराची आबाळ झाली तर मशीन इकून टाकीन, आन तुला जळकोटला आणून बशिवीन." त्या बोलल्या की करतात. यांची नोकरी धाराशिवला, पण आईपुढं यांचा शब्द नाही. मशीन हे माझं एकमेव स्वतःचं होतं. ते गेलं असतं तर मी राहिलेच नसते, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं.

जावळाला पंधरा दिवस राहिले होते. लग्नसराई, माझ्यापुढं ब्लाउजांचा ढीग. दुपारी एक गिऱ्हाईक माप द्यायला आलं आणि बोलत बोलत मी तिच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. आदू आणि राणी खेळत होते. परत आले तर आदू पालथ्या घमेल्यावर बसलेला, गळ्यात माझी मापाची टेप, आणि पाच वर्षांची राणी दोन्ही हातांनी माझी मोठी कात्री धरून उभी. उजवीकडची वेणी जमिनीवर पडली होती. कपाळावरचे केस मुळापासून गेले होते. राणी मला अगदी माझ्याच आवाजात म्हणाली, "डोळ्यात येत हुतं. मी कमी करून दिलं."

मी तिला थोबाडीत मारली. पाच वर्षांच्या पोरीला. तिच्या रडण्यानं फौजदारीण धावत आली आणि मी तिच्यावर तुटून पडले. तुमच्या नातीला वळण नाही, तुमच्यासारखीच निपजली, माझं वाटोळं केलंत. तिनं एकदा पोराकडं बघितलं, एकदा कात्रीकडं. कात्रीच्या मुठीला मी निळी चिंधी गुंडाळलेली, साऱ्या गल्लीला माहीत होती. कात्री कुणाची, कुणी उघड्यावर टाकली, हे विचारायची गरजच नव्हती. तिनं ती उचलून मशीनवर ठेवली आणि म्हणाली, "पोरीला मारलीस, झालं समाधान? आता बाजूला हो. केसं तुडवू नकु."

जावळाचे केस भुईला पडू द्यायचे नसतात. नणंदेनं ते पदरात झेलायचे असतात. फौजदारीण गुडघ्यांवर बसली आणि एकेक केस वेचून पदरात घेऊ लागली. दिवस कलला तरी तिचं वेचणं चालूच. मशीनच्या पायाखालचे, दोऱ्यांत अडकलेले, सगळे. आणि सगळा वेळ तोंडानं मला शिव्या. मी आळशी, मी भवानी, मला लेकरू देऊन देवानं चूक केली. शेवटी पदराची गाठ मारून उठली. "टोपडं शिव. मशीन हाय न्हवं दारात? का ते बी म्याच शिवू?"

मी तीन टोपडी शिवली. वैशाखात लेकरू टोपडं घालून हिंडत होतं, डोकं खाजवत होतं. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. "टोपडं काढ, जावळ बघू दे माझ्या राजाचं." मी सर्दीचं सांगायची, रविवारी घरी आलेल्या यांनाही तेच. एकदा त्यांनी फारच लावून धरलं तेव्हा भिंतीपलीकडून फौजदारीण ओरडली, "ए जळकोटकरीण, तुझं दूध उतू गेलं की!" चुलीवर दूध नव्हतं. मी फोन ठेवला. आभार मानावेत असं मनातही आलं नाही. उलट ही भिंतीला कान लावून बसते याचाच राग आला.

जावळाच्या दिवशी जीपमध्ये पुढच्या सीटवर फौजदारीण येऊन बसली, राणीला मांडीवर घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं. यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "खंडोबा काय तुमच्या एकल्याचा हाय का?" अणदूरला सगळे पाहुणे जमले होते. माझा भाऊ, म्हणजे आदूचा मामा, त्याला मांडीवर घेऊन बसला. न्हाव्यानं टोपडं काढलं आणि ते तसंच हातात धरून थांबला.

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "हे काय?" मग लगेच, "मशिनीवर बसली असशील. कात्री टाकली असशील लेकरापुढं." एका क्षणात ओळखलं त्यांनी. तेवढ्यात फौजदारीण मला कोपरानं मागं ढकलून पुढं आली. "तिची कात्री न्हाय. माझ्या घरातली मेंढराची कातर. वळचणीला खोवलेली हुती, नातीच्या हाताला लागली. म्या ठिवली, चूक माझी. काय बोलायचं ते मला बोला."

कातर म्हणजे मेंढरांची लोकर कापायची मोठी कात्री. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मेंढराची कातर माझ्या नातवाच्या डोस्क्याला लावली व्हय गं? घाणीत वाढलेली माणसं तुमी, तुमाला काय कळणार जावळ?" मग जे सुरू झालं ते थांबेना. तिचं घर काढलं, तिचा मेलेला नवरा काढला, पन्नास माणसांत. खंडोबानं बाणाईसाठी धनगराच्या वाड्यावर मेंढरं राखली, हे त्या अंगणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एका वाक्यात तिला सासूबाईंचं तोंड बंद करता आलं असतं. साऱ्या गल्लीला गार करणारी ती बाई डोक्यावर पदर घेऊन, खाली बघून उभी राहिली. एक शब्द परत दिला नाही. सासूबाई दमल्यावर तिनं पदराची गाठ सोडली आणि वेचलेले केस पुढं धरले. सासूबाई हात लावेनात. शेवटी पुजाऱ्यानंच ते घेतले, वर भंडारा टाकला आणि म्हणाला, "देवाला पोचले. बसा आता." उरलेलं जावळ निघालं.

आणि मी? मी नव्या साडीत तिथंच उभी होते. बोलले नाही.

घरी आल्यावर मी तिच्या दारात गेले. विचारलं, "काकू, असं का केलंत?" ती शेळीला पाला टाकत होती. वळलीसुद्धा नाही. "तुला नांदायचंय तिच्यात. मला कुठं नांदायचंय? जा, तुझं काम कर. आन राणीच्या गालावरचं वळ गेलं, मनातलं हाय अजून, त्याचं बघ कसं करायचं."

लोकांना वाटेल की त्यानंतर आमचं गूळपीठ जमलं असेल. मुळीच नाही. मी तिचा जास्तच राग करू लागले. ती समोर आली की मला अणदूरचं ते अंगण दिसायचं आणि माझं मिटलेलं तोंड. मग मी नळावर मुद्दाम भांडण उकरायची, शेळ्यांवरून उकरायची. तीही कमी नव्हती. पण आठ वर्षांत, कितीही तोंडाला तोंड लागलं तरी, ती गोष्ट तिनं एकदाही काढली नाही. मला वाटायचं, काढावी. एकदा काढून मोकळी हो म्हणावं. तिकडं जळकोटला तर मेंढराची कातर ही म्हणच झाली होती. सासूबाई प्रत्येक लग्नात ती गोष्ट सांगायच्या. आदूला त्यांनी तिच्या घरचं पाणी कधी पिऊ दिलं नाही आणि मी राणीला माझ्या उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, कारण ती आली की कात्रीकडं बघायची.

या उन्हाळ्यात फौजदारीण गेली. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. आदल्या दिवशी मी पेज घेऊन गेले होते. एक घोट घेऊन म्हणाली, "मीठ न्हाय." तेवढंच.

दहाव्याला गल्लीतल्या बायका तिच्या अंगणात बसल्या होत्या. सासूबाई त्या आठवड्यात आमच्याकडंच होत्या. त्याही येऊन बसल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मेलेल्याला बोलू नये. पर माझ्या नातवाच्या डोस्क्याला मेंढराची कातर लावली हिनं." दारात राणी उभी होती. आता तेरा वर्षांची झालीय. तिनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "आत्याबाई, कातर नव्हती ती. माझी कात्री होती, निळ्या चिंधीची. मी उघडी टाकून गेले होते."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या. माझं माहेर काढलं, मशीन काढलं, सात वर्षांचं वांझपण काढलं, देवाच्या दारात खोटं खपवलं ते काढलं. सगळ्या बायका ऐकत होत्या. मी डोक्यावर पदर घेतला आणि खाली बघून उभी राहिले. उत्तर दहा वेळा तोंडाशी आलं. दहा वेळा गिळलं.

मशीनचं काय होणार ते अजून ठरलेलं नाही. सासूबाई जळकोटला निघून गेल्या आहेत आणि हे माझ्याशी बोलत नाहीत. फौजदारीण असती तर त्या दिवशी मला कोपरानं मागं ढकलून सासूबाईंच्या पुढं उभी राहिली असती, आणि मग आठवडाभर भिंतीपलीकडून मला शिव्या घातल्या असत्या. आता मला सोडवायला कुणी नाही आणि शिव्या घालायलाही कुणी नाही.