भिंत नसलेलं दार

नव्वदच्या दशकात वारंगा फाट्यावर एका म्हाताऱ्याचं चहाचं हॉटेल होतं. वर चार पत्रे, भिंत एकही नाही, पण दार असं की अंबारीसकट हत्ती आत जावा आणि माहुताच्या फेट्याला धक्का लागू नये! बंदरावर एका व्यापाऱ्याची हवेली पाडत होते, तिथून त्यानं ते ट्रकात घालून आणलं होतं. त्यावर कोरलेल्या गलबतांना तो रोज जवसाचं तेल चोळायचा. मी एकदा बाजूनंच आत शिरलो, तर ओरडला, "ओ मास्तर, चोरावानी काहून येऊन राहिले? दारातून या!"

एकदा शहरातला एक बंगलेवाला मागेल ती किंमत द्यायला तयार झाला.

म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमी हे आतून लावून घ्याल?"

"दार आहे, लावणारच की."

"मंग न्हाई देत. आमचा पणजा बैलांवर मीठ लादून बंदरावरून यायचा. असल्याच दाराबाहेर बसायचा. आत या, असं कुनी म्हटलं न्हाई त्याला."

पुढे रस्ता रुंद झाला, हॉटेल गेलं. दार त्यानं आपल्या तांड्याच्या वाटेवर उभं केलं, सताड उघडं. दोन्ही बाजूंना मोकळं रान आहे, पण नागनाथाची शपथ, तिथले बैलसुद्धा दारातूनच जातात.