घोंगड्याबाहेरचे नाना

नाना कुणालाही ‘बरं हाय का?’ असं विचारत नसत. या प्रश्नाला माणूस मरणाच्या दारात असला तरी ‘बरं हाय’च म्हणतो, असं त्यांचं मत होतं. ते विचारत, ‘काल राती कितींदा उठलास?’ किंवा ‘चढाला कुठं बसलास?’ समोरचा गडी आधी दचकायचा आणि मग खरं बोलून जायचा. मलाही पहिल्याच भेटीत त्यांनी नाव-गाव न विचारता ‘जेवणानंतर डोळं का चोळताय?’ असं विचारलं होतं.

मी तेव्हा गगनबावड्याच्या बाजूला आरोग्यसेवक म्हणून नवीन रुजू झालो होतो. मी कागलचा, ऊस आणि हायवे बघत वाढलेला. माझ्या वाट्याला डोंगरावरचा एक धनगरवाडा आला. डांबरी रस्ता संपल्यावर दीड तासाची चढण, वर वीस-बावीस घरं, म्हशी आणि बिरोबाचं देऊळ. नाना त्या देवळाचे पुजारी. साठीच्या पुढचे, काटक, डोक्याला मळकं मुंडासं, आवाज असा की पलीकडच्या कातळपठारावरच्या माणसाला हाक मारायला उठावं लागत नसे.

वरून आदेश आला होता की पुरुषांच्या तपासणीचं शिबिर घ्या. मी खालच्या शाळेत फलक लावला, टेबल मांडलं, दिवसभर माशा मारत बसलो. बायका आल्या, पोरं आली, गडी एकही नाही. संध्याकाळी नाना टेबलासमोर येऊन उभे राहिले. ‘पावणं, गडी आपला आजार सांगाय येत न्हाय. दुसऱ्याचा ऐकाय मातूर येतोय की.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘आमच्या वाड्यात बाया म्हाताऱ्या हुत्यात. गडी म्हातारं हुईतच न्हाईत.’ मी हसलो. पुढच्या महिन्यात माझ्याकडचं मृत्यूंचं रजिस्टर उघडून बघितलं तेव्हा ते हसू कुठल्या कुठे गेलं.

उपायही नानांनीच काढला. त्या वाड्यात जुनी रीत होती. म्हैस चोरीला गेली, बांधावरून भांडण झालं की देवळापुढे काळं घोंगडं अंथरायचं, कपाळाला भंडारा लावून त्यावर बसायचं आणि बोलायचं. घोंगड्यावर बसलेला खोटं बोलत नाही. बोलला तर बिरोबा बघून घेतो. नानांनी ठरवलं की महिन्यातल्या एका रविवारी दुपारी याच घोंगड्यावर एकेका गड्याने बसायचं आणि आपल्या अंगाचं, मनाचं सांगायचं. मी बाजूला बीपीचं मशीन आणि वही घेऊन बसायचं. मात्र घोंगडं अंथरणारा पुजारी त्यावर कधी बसत नाही, ही रीतही तितकीच जुनी होती. नाना कडेला दगडावर बसत आणि प्रश्न विचारत.

त्या घोंगड्यावर मी जे ऐकलं ते दवाखान्यात जन्मात ऐकायला मिळालं नसतं. धोंडीराम नावाच्या गड्याने थुंकीतून रक्त पडतं हे तिथेच सांगितलं. त्याचा टीबी वेळेत सापडला, आज तो म्हशीमागे पळतो. एका तरण्याताठ्या माणसाने मान खाली घालून सांगितलं की त्याला जगू नये असं वाटतं. मी गडबडून उपदेश करायला लागलो तर नानांनी मला हातानेच गप्प केलं आणि त्याला म्हणाले, ‘उद्यापासनं माझ्यासंगं गुरं राखाय यायचं. एकला ऱ्हायाचं न्हाय.’ मी त्याला नंतर कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, पण चार महिने सकाळपासून दिवेलागणीपर्यंत नानांनी त्याला नजरेआड होऊ दिलं नाही.

एकदा त्यांनी मलाच घोंगड्यावर बसवलं. ‘घरात वाट कोण बघतंय?’ असं विचारलं. वडील गेल्यापासून कुणी नाही, आणि दोन वर्षं मी झोपेच्या गोळ्यांवर झोपतो, हे मी वीस-बावीस गड्यांसमोर सांगून मोकळा झालो. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानंतर वाड्यावर गेलो की नाना आधी तांब्याभर ताक पुढे करत आणि मग विचारत, ‘गोळी?’ वर्षभराने मी ‘न्हाय’ म्हणू शकलो. त्यांनी नुसती मान हलवली, पण त्या दिवशी ताकात मीठ जरा जास्तच पडलं होतं.

हे सगळं चालू असताना नानांच्या छातीत काहीतरी शिजत होतं. मला ते चढणीवर दिसलं. ते मला रस्त्यापर्यंत पोचवायला येत आणि परत वर जात, मी खालून बघत राही. आधी ते कुठेच थांबत नसत. मग एकदा थांबू लागले, मग तीनदा. मी बरोबर असलो की थांबण्याला निमित्त शोधत. ‘ते बगा, गव्याची वाट,’ म्हणून बोट दाखवत आणि दुसऱ्या हाताने मुंडाशाचं टोक हळूच छातीवर फिरवत. एका महिन्यात मला गव्याच्या सात वाटा दाखवून झाल्या. मशीन काढलं की म्हणत, ‘आधी त्येचं बगा.’ आणि माझ्यापुढे नेहमीच कुणीतरी ‘तो’ असे.

त्यांच्या बायकोला सगळे काकी म्हणत. तिने एकदा मला पाणवठ्याजवळ अडवलं. ‘रातचं आडवं हुईत न्हाईत, बसून झोपत्यात. इचारलं तर म्हंत्यात, तुजं काय काम हाय. तुमी इचारा की.’ तिच्या हातातली कळशी भरून वाहत होती तरी तिचं लक्ष नव्हतं. मला त्या दिवसापासून भीती वाटायला लागली.

मग मी एक डाव टाकला. पुढच्या रविवारी धोंडीरामला आधीच सांगून ठेवलं आणि घोंगडं त्याने अंथरलं. गडी चपापले. मी म्हणालो, ‘आज अंथरणारा दुसरा आहे, म्हणजे नानांना बसायला हरकत नाही.’ नाना दगडावरून उठले. मग कपाळाला भंडारा लावून घोंगड्यावर बसले. मी विचारलं, ‘नाना, छातीत दुखतं का?’

ते काहीच बोलले नाहीत. देवळाकडे बघत बसून राहिले. शेवटी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पुन्हा आपल्या दगडावर जाऊन बसले. गड्यांनी सुटकेचा श्वास टाकला. नानांनी ‘दुखतंय’ म्हटलं नाही, म्हणजे काही नाही, असा त्यांचा हिशेब. मला मात्र उलटं कळलं. ज्याला खोटं बोलता येत नव्हतं, त्याने ‘न्हाय’ म्हटलं नव्हतं.

उतरताना त्यांनी मला वाटेत थांबवलं. या वेळी गवा दाखवला नाही. ‘पुजारीच दुखण्यानं बसला म्हटल्यावर बिरोबावर इस्वास कोण ठेवंल? पुना एक गडी यायचा न्हाय. पाऊस सरू द्या, मग येतो तुमच्यासंगं कोल्हापूरला.’ मी त्यांना तिथेच हाताला धरून खाली न्यायला हवं होतं. पण बैठक मोडेल ही भीती मलाही पटली, आणि खरं सांगायचं तर त्या बैठकीमुळे वरिष्ठांकडून मिळणारी शाबासकी मलाही गोड लागली होती. मी ‘बरं’ म्हणालो. मला स्वतःचा इतका राग आयुष्यात दुसऱ्या कशामुळे आला नाही.

त्यानंतर गगनबावड्याचा पाऊस दहा-बारा दिवस तुटला नाही. ओढा चढला, वाट निसरडी झाली, डोंगर धुक्यात दिसेनासा झाला. बाराव्या दिवशी सकाळी धोंडीरामचा फोन आला, रेंजसाठी तो कुठल्यातरी कड्यावर चढला होता. ‘नानास्नी घिऊन निघालोय.’ मी गाडी घेऊन डांबरी रस्ता संपतो तिथे दोन तास उभा होतो. मग धुक्यातून चौघे जण बांबूला बांधलेली झोळी घेऊन उतरताना दिसले. ज्याला जगावंसं वाटत नव्हतं तो पुढे होता, खांदा सोलवटलेला.

नानांना गाडीत घेतलं. मी दंडाला पट्टा बांधला, आमच्या ओळखीच्या सात वर्षांत पहिल्यांदा. घामाने भिजलेल्या तोंडाने ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आता इचारा.’

ते गडी पावसात गाडीच्या दाराशी उभे होते. त्यांच्यासमोर मी विचारलं, ‘नाना, दुखतंय का?’

‘व्हय,’ नाना म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. ‘लई दुखतंय. दोन वर्सं झाली.’

कोल्हापूरच्या वाटेवर, कळे गावाच्या अलीकडेच ते गेले.