भिंतीखालचं गाऱ्हाणं

डिचोलीजवळच्या एका खाणीवर मी सर्व्हेअर होतो. खणलेल्या भिंतीचा उतार मोजायचा आणि वहीत लिहायचा, हे माझं काम. आमच्याकडची माती मऊ. टप्पे सोडत, मागे झुकवतच ती कापावी लागते. सरळ उभी कापली तर कमी मातीत जास्त खनिज हाती लागतं, आणि मॅनेजरसाहेबांना तेवढंच कळायचं. मी लिहिलं, ‘उतार फार खडा, वर भेगा.’ त्यावर त्यांची सही झाली की खालचं काम थांबवावं लागतं. त्यांनी सही केली नाही. चार दिवसांनी भिंत सुटली. खाली मशीनवर माझा धाकटा भाऊ होता. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. साहेबांनी अहवालात लिहिलं: चालकाचा निष्काळजीपणा.

मी नोकरी सोडली नाही. लोक म्हणाले, घाबरला. घाबरतो कसला, डूख धरून बसलो होतो.

पावसाळ्यानंतर खाण सुरू करताना भिंतीच्या पायथ्याशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची रीत आहे. एकानं देवाला मोठ्यानं सांगायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ते संपेपर्यंत मालकाच्या जागी उभा असलेला माणूस हलत नाही. दरवर्षी गाऱ्हाणं घालणारे ड्रायव्हरकाका तेव्हा सावंतवाडीला आजारी होते. मी म्हटलं, मी घालतो.

भिंत पुन्हा तशीच खडी कापलेली, वर ओल्या भेगा. कामगारांना मी लांब रस्त्यावर उभं केलं. भिंतीखाली दोघेच, मालकाच्या जागी साहेब आणि मी.

‘बा देवा म्हाराजा, तुज्या पायाकडे नारळ ठेयलो आसा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘गेल्या वर्सा ही भिंत माज्या भावाच्या आंगार पडली, तेचो पाय गेलो!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आटपा हो,’ साहेब पुटपुटले. मला कसली घाई? पेडण्यापासून वाळपईपर्यंत आठवतील तेवढ्या देवांना मी हाका मारल्या. साहेबांची नजर वरच्या भेगांवरून हलत नव्हती.

‘सायब म्हणता भिंत बरी, चूक भावाची. भिंत बरी आसात तर सायब हयसरच उभो रवांदे!’

‘व्हय म्हाराजा!’ एवढा मोठा आवाज त्या खाणीत मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात वरून खडे घरंगळले. मूठभरच. साहेब पळाले. हेल्मेट पडलं, एक बूट चिखलात रुतला, तरी पळत राहिले. मी गाऱ्हाणं पुरं केलं, नारळ फोडला, मग बूट आणि वही घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्यांनी सही केली. भिंत मागे कापेपर्यंत खालचं खोदकाम बंद राहिलं. देवाला कामाला लावल्याची मला आजही लाज वाटत नाही.

घरी भाऊ कुबडी टेकून दारातच उभा होता. बातमी माझ्याआधी पोचली होती.

‘कसो धांवलो?’

मी सगळं सांगितलं. तो हसला नाही.

‘दोनूय पायांनी?’

‘व्हय.’

खाली बसत तो म्हणाला, ‘परत सांग.’